ह्यूस्टनच्या अपार्टमेंटचं कर्ज: लेंडर मुदतवाढ देत नाहीये, कॅपिटल कॉल भरावा का?

निवांत_फ्रिस्को
मंडळी, ह्यूस्टनमधल्या २१२ घरांच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आम्ही दोघांनी २०२१ मध्ये एलपी, म्हणजे नुसते पैसे घालणारे भागीदार म्हणून ५० हजार डॉलर घातलेत. बरेच आयटीवाले आहेत त्यात, वेबिनारच्या चॅटमध्ये निम्मी आडनावं आपलीच. कर्ज १ कोटी ८४ लाख डॉलरचं, ब्रिज लोन, म्हणजे थोड्या मुदतीचं; व्याज सोफर या बदलत्या दरावर अधिक सव्वातीन टक्के. मुदत तीन वर्षं, वर एकेक वर्षाच्या दोन मुदतवाढी. पहिली मिळाली. दुसरीला लेंडर सरळ नाही म्हणाला. गिऱ्हाईक आणून विका, नाहीतर लिलाव लावतो, असं त्याचं म्हणणं.

आता स्पॉन्सरचा, म्हणजे हा व्यवहार चालवणाऱ्याचा, कॅपिटल कॉलचा ईमेल आलाय: प्रत्येकाने गुंतवणुकीच्या २२ टक्के आणखी भरा. म्हणजे आमचे ११ हजार. नाही भरले तर हिस्सा डायल्यूट, म्हणजे कमी.

मध्यंतरी गाडी काढून बघून आलो. बेरिल वादळ जुलै २०२४ चं, पण पाच नंबरच्या बिल्डिंगच्या छपरावर निळी ताडपत्री अजून तशीच. मागच्या बाजूला एसीचे कंडेन्सर गायब, नुसत्या वायरी लोंबतायत. तांब्यासाठी नेले म्हणे. लीझिंग ऑफिसातली बाई म्हणाली, ९२ टक्के घरं भरलेली आहेत. त्यातले भाडं किती जण देतात विचारलं, तर मॅनेजरचं कार्ड हातात ठेवलं.

पुण्याचे मेहुणे विचारतात, "अहो, बिल्डिंग जागेवर आहे, हप्ता चुकलेला नाही, मग पैसे बुडतील कसे?" लेंडरला असं करता येतं का? आणि ११ हजार भरावेत का?

ओसरी
येतं. तुमच्या मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर गृहकर्ज आहे, वीस वर्षांत फिटणारं. इथे बहुतेकदा नुसतं व्याज भरायचं असतं आणि मुदत संपली की अख्खं मुद्दल एकदम. त्या तारखेला दिलं नाही की थकबाकीदार, मग आधीचे सगळे हप्ते वेळेवर असोत.

गणित बघा. २०२१ च्या शेवटी सोफर ०.०५ टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला साधारण सहा लाख. २०२३ च्या उत्तरार्धात ५.३ टक्के, तेच व्याज पावणेसोळा लाख. तीन वर्षं रेट कॅपने, म्हणजे दर ठरावीक मर्यादेवर गेला की फरक भरून देणाऱ्या कराराने, झाकून नेलं असेल. पण गुंतवणूकदारांना दाखवलेल्या पिचडेकवर ठळक लिहिलेल्या त्या "दोन मुदतवाढी" सशर्त असतात: उत्पन्नातून व्याज अमुक पटीने निघालं पाहिजे, नवा कॅप विकत घेतला पाहिजे, नाहीतर मुद्दल थोडं उतरवा. घोडं तिथेच पेंड खातं. टेक्सासात विमाही भडकलाय, तो वेगळाच.

आणि टेक्सासमध्ये कोर्टात जायची गरज नसते. किमान २१ दिवसांची नोटीस, मग महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीत लिलाव. एप्रिल २०२३ मध्ये ह्यूस्टनमध्येच ॲपल्सवे नावाच्या कंपनीची चार कॉम्प्लेक्स, मिळून ३,२०० च्या आसपास घरं, अशीच गेली. हॅरिस काउंटी क्लर्कच्या संकेतस्थळावर नोटिसा दिसतात. स्पॉन्सरच्या ईमेलची वाट बघत बसू नका.

चिंचेचं_झाड
अशा दोन कॅपिटल कॉलमधून गेलोय, एक भरला, एक नाही. माझ्या मते एकच प्रश्न विचारा: पैसे भरल्यावर लेंडरने सही केलेली मुदतवाढ मिळणार आहे का? सही केलेली, "बोलणी चालू आहेत" नव्हे. ती असेल तर विचार करा. नसेल तर तुमचे ११ हजार थकलेल्या व्याजात आणि वकिलाच्या बिलात जातील, बुडत्याचा पाय खोलात. न भरल्याने हिस्सा डायल्यूट होतो म्हणजे काय, तर शून्याचा मोठा भाग जाऊन लहान उरतो. करारात वेगळं काही नसेल तर घातलेल्या रकमेपलीकडे एलपीचं सहसा काही जात नाही, तेवढं कलम मात्र वाचा. प्रेफर्ड इक्विटी नव्याने घुसवताहेत का तेही बघा, ती तुमच्या आधी पैसे उचलते.

सातारी_सीपीए
कराचं कोणीच बोललं नाही. लिलावही करासाठी विक्रीच. नॉन-रिकोर्स कर्ज, म्हणजे वसुली फक्त मालमत्तेतून होणारं, असेल तर बाकी असलेलं कर्ज हीच विक्रीची किंमत धरतात. २०२१ मध्ये बोनस डेप्रिसिएशन (घसारा पहिल्याच वर्षी वजा करायची सवलत) १०० टक्के होतं, कॉस्ट सेग्रिगेशन (इमारतीचे भाग वेगळे दाखवून घसारा लवकर घेणं) केलं असेल तर पहिल्या वर्षांच्या के-वनवर, म्हणजे भागीदाराला मिळणाऱ्या कराच्या फॉर्मवर, भलेमोठे तोटे आले असतील. म्हणजे आता हातात काही नाही आणि के-वनवर नफा! पण पगारदारांचे ते तोटे पगारातून सहसा वजा होत नाहीत, फॉर्म ८५८२ वर साठतात. हिस्सा पूर्ण संपला की तेच मोकळे होतात, म्हणजे वजा करता येतात. सीपीए, म्हणजे कर बघणारा अकाउंटंट, बदलला असेल तर जुने फॉर्म आजच शोधून ठेवा.

निवांत_फ्रिस्को
सहीचं विचारलं. उत्तर: "लेंडरशी चर्चा सकारात्मक वातावरणात सुरू आहे." आम्ही भरत नाही. सातारी, सीपीए दोनदा बदललाय, २०२२ चा ८५८२ सापडला, २०२१ चा नाही. तो आयआरएसच्या (अमेरिकी आयकर खात्याच्या) ट्रान्सक्रिप्टवरून काढता येतो का?