जॉर्जियाने रशियाचे आधिपत्य स्वेच्छेने पत्करले होते का?

प्रश्न

कॉकेशसच्या इतिहासाविषयी वाचताना एक विधान वारंवार आढळते, ते असे की जॉर्जिया रशियाने जिंकून घेतला नाही, तेथील राजानेच १७८३ साली गेओर्गियेव्स्कचा तह करून रशियाचा आश्रय मागितला. तसे असेल, तर पुढच्या अठरा वर्षांत ते राज्यच खालसा कसे झाले? तहात तशी तरतूद होती का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १

तशी तरतूद मुळीच नव्हती. हा तह सबंध जॉर्जियाचा नव्हे, तर पूर्वेकडील कार्तली-काखेती या एकाच राज्याचा होता. इराण आणि उस्मानी तुर्क यांच्या कात्रीत सापडलेल्या राजा दुसऱ्या इराकलीने आपले परराष्ट्र धोरण सम्राज्ञी कॅथरीनच्या हवाली केले, आणि त्या बदल्यात रशियाने राज्याच्या सीमांचे रक्षण करण्याची, गादी त्याच्याच घराण्यात ठेवण्याची व अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याची हमी दिली. राजधानी तिबिलिसीत रशियाच्या दोन पलटणी आल्याही. परंतु तुर्कांशी युद्ध जुंपताच १७८७ मध्ये त्या माघारी नेण्यात आल्या. १७९५ च्या सप्टेंबरात इराणचा शासक आगा मोहम्मद खान याने क्र्त्सानिसीची लढाई जिंकून तिबिलिसी लुटले, तेव्हा वृद्ध इराकलीच्या मदतीला रशियन फौज वेळेवर पोहोचलीच नाही. माझ्या मते तह खऱ्या अर्थाने तेथेच निकालात निघाला.

प्रतिसाद २

वरील माहितीत थोडी भर घालतो, कारण दोष केवळ एका बाजूचा नव्हता. इराकलीचा मुलगा बारावा गिओर्गी आजारी होता आणि भाऊबंदांशी वारसाहक्काचा वाद चालू होता. त्यामुळे त्याने स्वतःच रशियाशी अधिक घट्ट जोडले जाण्याचा प्रस्ताव पाठवला, मात्र गादी आपल्या मुलाकडे राहावी ही अट घालून. रशियाचा सम्राट पॉल याने अट बाजूला सारली आणि राजा जिवंत असतानाच, १८०० च्या डिसेंबरात, विलीनीकरणाच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या सम्राट अलेक्झांडरने १८०१ मध्ये तो निर्णय कायम केला. पुढील वर्षी रशियन जनरल क्नोरिंगने जॉर्जियन सरदारांना सिओनी कॅथेड्रलमध्ये बोलावले, बाहेर सैन्याचा वेढा घातला आणि आत निष्ठेची शपथ घ्यायला लावली. यालाच स्वेच्छा म्हणायचे असेल, तर बोलणेच खुंटले. १८०३ मध्ये गिओर्गीची विधवा राणी मरियम हिला रशियात नेण्यासाठी जनरल लाझारेव तिच्या महालात गेला, तेव्हा तिने लपवलेल्या खंजिराने त्याला ठार केले. तिची रवानगी बेल्गोरोदच्या मठात झाली. १८११ मध्ये जॉर्जियन चर्चची शतकानुशतकांची स्वायत्तताही काढून घेण्यात आली. सर्वसामान्य लोकांना राजा गेल्यापेक्षा हा घाव अधिक जिव्हारी लागला असावा.

प्रतिसाद ३

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. विखुरलेली जॉर्जियन राज्ये एका छत्राखाली आली आणि तिबिलिसी कॉकेशसच्या कारभाराचे केंद्र बनले, ते रशियाच्याच अमलात. इराणची स्वारी पुन्हा झाली असती, तर काय उरले असते?

प्रतिसाद ४

हा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे, पण तो १९२१ च्या रशियन आक्रमणाला लागू पडत नाही. २६ मे १९१८ रोजी जॉर्जियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि ७ मे १९२० च्या मॉस्को करारात सोव्हिएत रशियाने त्याला रीतसर मान्यता दिली. त्याच कराराच्या एका गुप्त कलमाने बोल्शेविकांना (कम्युनिस्टांना) जॉर्जियात उघडपणे काम करण्याची मुभा मिळाली. एक वर्षही उलटले नाही तोच, १९२१ च्या फेब्रुवारीत, सीमेवरील लोरी भागात उठाव घडवून त्याच्या ‘मदतीला’ लाल सेना आत शिरली व २५ तारखेला तिने तिबिलिसी घेतले. त्या वेळी जॉर्जियावर इराणचे संकट नव्हते की तुर्कांना कोणी बोलावले नव्हते. शिवाय या मोहिमेचा आग्रह धरणारे बोल्शेविक नेते स्टालिन आणि ओर्जोनिकिद्झे हे दोघेही जन्माने जॉर्जियनच होते. ऑगस्ट २००८ च्या पाच दिवसांच्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर रशियाने जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या अबखाझिया व दक्षिण ओसेशिया या प्रदेशांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्यता दिली, आणि दोन्हीकडे रशियन सैन्य अजूनही तळ ठोकून आहे.