"दिवसाला दोनच सिगरेटी ओढतोय, काय हुतंय?"

रंकाळाकाठ: पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा सचित्र इशारा बघूनही दाजींचं हेच उत्तर. कसं पटवायचं?

तांबडारस्सा: गणित इथंच चुकतं. रोज एक ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीसवाल्याच्या जवळपास निम्मा, विसावा हिस्सा नव्हे. पण नुसतं भेडसावू नका, माणूस विषयच टाळतो. सोडायची तारीख ठरवून घ्या.

गंगावेस: उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटते? तर सिगरेटऐवजी चघळायचा निकोटिन गम ४ मिग्रॅचा, नाहीतर २ चा. सावकाश चावायचा, झणझणलं की गालात दाबायचा. असं अर्धा तास. भराभर चघळून रस गिळला की उचकी, जळजळ. मग म्हणतात गम चालत नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको.

रंकाळाकाठ: टपरीवर चहा-सिगरेट जोडीनंच की ओ!

गंगावेस: मग महिनाभर चहा घरातच. तलफ पाचेक मिनिटांत ओसरते.