मदत हवी आहे: कापल्या गेलेल्या पित्तनलिकेची दुरुस्ती रोबोटने करावी का?

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय.

पाच आठवड्यांपूर्वी तिचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप चढला, डोळे पिवळे झाले. एमआरसीपीमध्ये (पित्तनलिकांचा एमआरआय) कळलं की पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली गेलीय. रिपोर्टवर ‘स्ट्रासबर्ग ई-२’ (पित्तनलिकेच्या इजेचा प्रकार) लिहिलंय. नळी अखंड राहिलेलीच नाही, त्यामुळे ईआरसीपीने (तोंडातून दुर्बीण घालून) स्टेंट टाकून भागणार नाही म्हणाले.

सध्या बरगड्यांमधून यकृतात घातलेल्या नळीतून पित्त बाहेरच्या पिशवीत येतं. रोज सकाळी मी ते मोजून वहीत लिहिते. काल ४५० मिली होतं. कुणी भेटायला आलं की ती पिशवी शालीखाली सरकवते. बोलत मात्र काही नाही.

सूज आणि जंतुसंसर्ग उतरल्यावर ऑपरेशन करायचं, यावर दोन्ही सर्जनांचं एकमत आहे. करायचंही तेच: लहान आतड्याचा तुकडा वर आणून यकृतातून येणाऱ्या नळीला जोडायचा (हेपॅटिकोजेजुनोस्टॉमी). पण पहिले पोट उघडून करा म्हणतात, दुसरे रोबोटने. रोबोटमध्ये मोठं, त्रिमितीय दिसतं, अवजारं मनगटासारखी वळतात, त्यामुळे बारीक टाके नीट पडतात, हे पटलं. पण बहुतेक रोबोटमध्ये सर्जनच्या बोटांना स्पर्श कळत नाही, आणि हिच्या पोटात पित्त सांडून सगळं चिकटलेलं असणार. तिथेच माझं मन अडतं.

ज्यांच्या घरी ही दुरुस्ती रोबोटने झालीय त्यांनी कृपया लिहा. मध्येच पोट उघडावं लागलं का? दोन-चार वर्षांनी जोड आकसला का, थंडी वाजून ताप, कावीळ परत आली का? व्रण किती लहान राहिला याचं मला काही नाही, जोड टिकायला हवा.

सर्जनना नेमकं काय विचारू? पित्ताशयाची नव्हे, अशा दुरुस्तीची किती ऑपरेशनं रोबोटने केलीत, हे तर विचारणारच आहे. यकृताची उजवी धमनीही दुखावली असेल तर जोडावर परिणाम होतो असं कळलं. मग आधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करायला सांगू का? अजून कुणी तो विषय काढलेला नाही.

आणखी एक. बाहेर आलेलं पित्त नाकातल्या नळीने परत पोटात देतात, ते कुणी केलंय का? पित्त आतड्यात पोचत नसल्याने व्हिटॅमिन के कमी पडतं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत, तरी तिचं वजन उतरतंच आहे.

शुक्रवारी दुसऱ्या सर्जनना पुन्हा भेटायचंय. त्याआधी कुणी दोन ओळी लिहिल्यात तरी फार आधार होईल.