मदत हवी आहे: रॉकी माउंटनमधलं हे पिवळं फूल, नक्की कुठलं गोल्डनरॉड?

नमस्कार मंडळी, आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, आई साताऱ्याहून आलीय, तर ऑगस्टमधे तिला घेऊन रॉकी माउंटन नॅशनल पार्कला गेलो होतो. ट्रेल रिज रोडवर झाडं संपतात त्याच्या जरा वर गाडी थांबवली तर दगडांच्या फटीफटीत वीतभर उंचीची पिवळी फुलं, आणि आई एकदम म्हणाली, "अगं, ही तर आपली सोनकी!" कासला दरवर्षी जाते ती, इतकी खूष झाली की काय सांगू.

घरी येऊन फोटो मोठे करून बघितले. सोनकी म्हणजे सेनेसिओ, तिच्या फुलाखाली हिरवी पानं एकाच ओळीत उभी असतात, इथे मात्र कौलांसारखी एकावर एक आहेत, म्हणजे हे सोलिडॅगो, गोल्डनरॉडच. (कूळ दोघींचं एकच, सूर्यफुलाचं, त्यामुळे आई फार चुकली नाही.) पण तेवढ्या उंचीवर दोन जाती होतात, सोलिडॅगो मल्टिरेडिएटा आणि सोलिडॅगो सिम्प्लेक्स, आणि इथेच मी अडकलेय. पाकळ्या मोजल्या तर 13. मल्टिरेडिएटाला 12 ते 18 असतात, सिम्प्लेक्सला 7 ते 16, म्हणजे 13 दोन्हीकडे बसतात! पार्कात फूल तोडायला बंदी आहे त्यामुळे हातात फक्त फोटो आहेत. अजून काय बघू?

आणि एक, आईला परत आल्यापासून शिंका येतायत, शेजारीण म्हणते गोल्डनरॉडमुळेच. खरंय का?

उत्तर: ताई, पाकळ्या सोडा, बुडाजवळच्या पानांचे देठ बघा. कडेला पापण्यांसारखी लव असेल तर मल्टिरेडिएटा. सिम्प्लेक्सला तशी लव नसते, कधीकधी हाताला चिकट लागतं.

शिंकांचं म्हणाल तर गोल्डनरॉडवर उगाच आळ येतो. त्याचे परागकण जड आणि चिकट, ते माश्या-भुंगे नेतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. त्याच दिवसांत रॅगवीड फुलतं, त्याची फुलं हिरवट, कुणाचं लक्षही जात नाही, पण पराग वाऱ्यावर पसरतात आणि त्रास त्याचा होतो. तरी थांबलं नाही तर आईंना डॉक्टरांकडे न्या.

धागाकर्ती: खूप खूप आभार! चौथ्या फोटोत एका देठावर लव स्पष्ट दिसतेय, दुसरा देठ दगडाआड गेलाय. फोटो वर टाकलाय, एका देठावरून मल्टिरेडिएटा म्हणता येईल ना? आई सारखी विचारतेय, तिला साताऱ्याला मैत्रिणींना नाव सांगायचंय.