विषय: जाराचं टेबल आणि त्यावरची कासवं

नमस्कार मंडळी,
इथे पर्थमधे नवीन घरासाठी कॉफी टेबल शोधतोय. एक आवडलंय, जारा लाकडाचं (इथल्याच एका निलगिरीच्या जातीचं), हँडमेड, वर ॲबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या आर्टमधली कासवं, स्टिंगरे (चपटे मासे) आणि मधे ठिपक्यांच्या लाटा. लेबलवर ‘ॲबोरिजिनल स्टाइल’ लिहिलंय. आमचे हे म्हणतायत घेऊन टाक, मला जरा शंका येतेय. कोणी घेतलंय का असं काही? गरम चहाचा कप ठेवला तर डाग पडतो का?
मीनल

मीनल,
‘स्टाइल’ लिहिलंय ना, मग चित्र कोणाचं आणि त्या माणसाला पैसे कसे मिळाले एवढं विचार, नाव सांगता आलं नाही तर सरळ निघून ये. ही नुसती नक्षी नसते गं, कुठली खाडी, कुठला प्राणी कोणत्या कुळाचा आणि तो कोणी रंगवायचा हे ठरलेलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर यिर्काला गावाजवळ १९९६ मधे चोरून मासेमारी करणाऱ्यांच्या तळावर, मगरीच्या पवित्र जागी, मगरीचं तोडलेलं मुंडकं सापडलं, तेव्हा तिथल्या मूळच्या योल्ङु लोकांनी झाडाच्या सालींवर आपला समुद्र रंगवून दाखवला की हे पाणी आमचं आहे. २००८ मधे तिकडच्याच ब्लू मड बे या खाडीच्या केसमधे हायकोर्टाने (इथलं सर्वांत वरचं कोर्ट) भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरचा त्यांचा हक्क मान्यही केला.
आणि घरातल्या सामानाचंच म्हणशील तर आपल्या पर्थच्याच एका कंपनीने कलाकारांना न विचारता त्यांची चित्रं व्हिएतनाममधे गालिच्यांवर विणून आणली होती, म्हणजे पवित्र पाणवठा लोकांच्या पायाखाली! १९९४ मधे कोर्टाने सुमारे १,८८,००० डॉलर भरपाई द्यायचा आदेश दिला.
सुहास

सुहासकाका, पटलं, पण आपण वारलीच्या बेडशीट घेताना कधी विचारतो का हो कोणी काढलंय? असो.
मीनलताई, टेबल उलटं करून बघा. जारा लालसर तपकिरी आणि चांगलंच जड असतं, वर गडद आणि खाली फिक्कट पांढरं लाकूड दिसलं तर तो पॉलिशचा रंग. २०२४ पासून इथल्या नैसर्गिक जंगलातली मोठी लाकूडतोड बंद आहे त्यामुळे बरंच जारा जुन्या घरांच्या फळ्यांमधून येतं, खिळ्यांची काळी भोकं दिसली तर नाक मुरडू नका, मला तर तीच आवडतात. चित्र मोबाइलने झूम करा, कासवाच्या पाठीवर बारीक रंगीत कण दिसले तर प्रिंट आहे. चहाचं म्हणाल तर फिनिश कुठलं ते विचारा, तेल-मेण असेल तर कोस्टर लागेलच.
निखिल

जाऊन विचारलं. ‘आमच्या डिझाइन टीमने केलंय’ म्हणाले, टीममधे कोण तर इकडेतिकडे बघायला लागले, मग आलो परत. हे अजून फुगलेत. फ्रीमँटलला रिव्हील्ड नावाचा आर्ट मार्केट भरतो ना, तिथे विक्रीचे सगळे पैसे कलाकारांना आणि त्यांच्या कला केंद्रांनाच मिळतात म्हणे. तिथून चित्रच घ्यावं आणि टेबल साधं, असं चाललंय डोक्यात. निखिल, जुन्या फळ्यांचं टेबल करून देणारा कोणी आहे का तुझ्या ओळखीत?
मीनल