राजाचा वाढदिवस आणि राजधानी रस्त्यावर: तुमचे अनुभव लिहा

एप्रिल जवळ आला की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते: "सत्तावीसला ॲमस्टरडॅममध्ये आहोत, किंग्ज डे आहे म्हणे, काय करायचं?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा ज्यांनी तो दिवस अनुभवला आहे त्यांनीच इथे लिहावं, म्हणून हे आवाहन. दुसऱ्या एखाद्या राजधानीत राजाच्या सुट्टीच्या दिवशी असाल, तर तेही लिहा.

आधी थोडी माहिती. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा. ते २०१३ ला गादीवर आले आणि २०१४ पासून हा सण सुरू झाला. त्याआधी सण राणीचा असे, ३० एप्रिलला. ती तारीख युलियाना राणीच्या वाढदिवसाची. तिची मुलगी बेआट्रिक्स जानेवारीअखेरची. त्या थंडीत रस्त्यावर कोण बसणार, म्हणून तिने आईचीच तारीख चालू ठेवली. मुळात हे सगळं सुरू झालं १८८५ मध्ये, राजकन्या विल्हेल्मिनाच्या पाचव्या वाढदिवसाला, ३१ ऑगस्टला. आणि २७ एप्रिल रविवारी आला तर सण आदल्या दिवशी शनिवारी होतो. २०१४ ला आणि २०२५ ला तसंच झालं. विमानाची तिकिटं काढण्याआधी हे नक्की बघा.

पण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते वेगळंच. त्या दिवशी राजा ॲमस्टरडॅममध्ये नसतो! दरवर्षी तो कुटुंबासह वेगळ्या गावाला जातो. २०२३ ला रॉटरडॅम, २०२४ ला एमेन, २०२५ ला डुटिंखेम. राजधानीत सण करतात ती साधी माणसं. म्हणून राजवाडा बघायला येऊ नका, फुटपाथवर बसायला या.

आता तुम्ही लिहा.

ॲमस्टेलवेनहून, एका सात वर्षांच्या मुलीची आई

आमचा किंग्ज डे म्हणजे ॲमस्टरडॅममधली फोंडेलपार्क ही बाग. एरवी रस्त्यावर काही विकायचं तर परवाना लागतो. या एका दिवशी कुणीही पथारी पसरावी आणि घरातलं जुनंपानं विकावं अशी मुभा असते. फोंडेलपार्क मात्र पोरांसाठी राखीव, मोठ्यांनी तिथे धंदा करायचा नाही. शहरात इतरत्र काही दिवस आधीच फुटपाथवर खडूने किंवा चिकटपट्टीने आखलेले चौकोन दिसायला लागतात. जागा धरलेली असते, आणि ती लोक मानतात.

लेकीने जुनी कोडी, लहान झालेले स्केट, बाहुल्या चादरीवर मांडल्या. किमतीही तिनेच लिहिल्या. एक डच आजी आल्या. त्यांनी एक लाकडी कोडं उचललं, तिथेच गवतावर मांडी घालून सगळं लावून बघितलं, एक तुकडा कमी आहे हे दाखवलं आणि दोन युरोचं दीड युरोला मागितलं. मी मध्ये बोलणार तोच आजींनी हात वर करून मला थांबवलं. लेक जरा विचार करून म्हणाली, "एक पंच्याहत्तर." आजींनी पाकिटातून एकेक नाणं मोजून तिच्या तळहातावर ठेवलं. दोघींचे चेहरे बँकेत व्यवहार चालल्यासारखे गंभीर! इथे मुलांशी कुणी लाडेलाडे भाव करत नाही, बरोबरीने करतात. मला या देशातली ही गोष्ट फार आवडते.

शेजारी एक मुलगा पुढ्यात टोपी ठेवून व्हायोलिन वाजवत होता. पलीकडे दोरीला केकचे तुकडे टांगलेले, हात न लावता खायचे. एक पोरगा तर फळीच्या भोकातून डोकं बाहेर काढून उभा होता आणि लोकांकडून पैसे घेऊन स्वतःच्या तोंडावर ओले स्पंज मारून घेत होता. दिवसभर रांग होती त्याच्याकडे.

सुटी नाणी भरपूर न्या. हल्ली बरीच पोरं पुठ्ठ्यावर क्यूआर कोड चिकटवून बसतात, पण त्याला इथल्या बँकेचं खातं लागतं.

डेल्फ्टहून, मूळचा कोल्हापूरचा विद्यार्थी

राजघराण्यासाठी अख्खं गाव रस्त्यावर येतं हे आम्हा कोल्हापूरकरांना नवं नाही. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती येतात, सोनं लुटलं जातं, पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे मित्रांनी "गर्दी असते हं" म्हणून घाबरवलं तरी मला उलट हुरूपच आला.

इथला रंग केशरी, कारण घराणं ओरांये-नासाव, आणि ओरांये म्हणजेच ऑरेंज. झेंडा लाल-पांढरा-निळा, पण राजाच्या वाढदिवसाला त्याच्या वर केशरी पट्टी लावतात. आता केशरी म्हटल्यावर आमच्याकडे शिवजयंतीचे फेटे पेटीत घडी करून ठेवलेलेच होते! आम्ही सगळे फेटे बांधूनच निघालो. गाडी आधीच खच्चून भरलेली. डब्यातच एका डच काकांनी विचारलं, हे कुठे मिळतं? म्हटलं मिळत नाही, बांधावं लागतं.

मग ॲमस्टरडॅमच्या यॉर्डान वस्तीत एका कालव्याच्या कडेला बसकण मारली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, "फेटा बांधून मिळेल." दिवसभर हात थांबले नाहीत. सात-आठ मीटरचं कापड. शेमल्यासाठी टोक पाठीवर सोडायचं, पीळ देत एकावर एक वेढे घ्यायचे, प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा जरा तिरका, आणि शेवटी निऱ्या घालून तुरा खोचायचा. डच माणसं उंच. एका बाईंच्या डोक्यापर्यंत माझा हातच पोचेना, तर समोरच्या घरातल्या आजोबांनी आतून शिडी आणून दिली. पुढे ते स्वतःच रांगेत उभे राहिले. फेटे परत द्यायच्या बोलीवर होते, फोटो काढला की सोडायचा आणि पुढच्याला. आजोबांनी मात्र सोडला नाही. पैसे देऊन ठेवून घेतला आणि संध्याकाळी घराच्या पायरीवर फेटा बांधूनच बसलेले दिसले.

आदल्या रात्रीही मजा असते. द हेगमध्ये चौकाचौकांत गाण्याचे मंच असतात आणि ते आमच्या डेल्फ्टपासून अगदी जवळ. दोन्ही करायचं तर झोपेची आशा सोडा.

नाशिकहून, निवृत्त शिक्षक

आम्ही दोघं साठी ओलांडलेले, ग्रुप टूरने गेलो होतो. यात्रा कंपनीने (नाव घेत नाही) त्याच दिवशी कॅनॉल क्रूझ छापली होती. प्रत्यक्षात त्या दिवशी ती बोट सुटणारच नव्हती. कालवे खासगी होड्यांनी भरलेले असतात. शहराच्या मध्यभागात ट्रामही बंद. हॉटेलवर यायला गर्दीतून चालतच यावं लागलं. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, त्यांना खूप त्रास झाला, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाची आणखी पंचाईत. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हॉटेल मध्यवस्तीत घ्यावं नाहीतर सरळ बाहेर, उपनगरात राहून तिथलाच छोटा सण बघावा. मधलं काही घेऊ नये.

तरीही प्रिन्सेनग्राख्त कालव्याच्या एका पुलावर कठड्याला टेकून आम्ही बराच वेळ उभे होतो, ते मी विसरणार नाही. खाली नावेला नाव लागलेली, पाणी दिसतच नव्हतं. एका नावेतला मुलगा ताट घेऊन शेजारच्या नावेत गेला, तिथून तिसऱ्या, आणि असं करत पलीकडच्या काठावर उतरला. पुलावरून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिनेसुद्धा.

खाण्याचं सांगतो. त्या दिवशी तोम्पूस नावाचा गोड पदार्थ सगळीकडे असतो: खारीसारखे पापुद्रे, मध्ये घट्ट कस्टर्ड, वर साखरेचा लेप. एरवी लेप गुलाबी, किंग्ज डेला केशरी. अंडं चालत नसेल त्यांनी विचारून घ्यावं. बटाट्याचे फ्रेंच फ्राइज मात्र कुठेही मिळतात.

बँकॉकमध्ये काही वर्षं काढलेला मुंबईकर

हे सगळं वाचताना वाटतंय, किती वेगळे असतात राजे आणि त्यांच्या सुट्ट्या! माझा अनुभव ५ डिसेंबरचा, भूमिबल राजांच्या वाढदिवसाचा. थायलंडमध्ये तोच पितृदिन. राजांचा जन्म सोमवारचा आणि तिथे वारांना रंग असतात, सोमवारचा पिवळा. म्हणून सगळं शहर पिवळ्या सदऱ्यांत. सकाळी आठला राष्ट्रगीत लागलं की स्थानकावरची धावती गर्दी जागच्या जागी उभी. संध्याकाळी हातात मेणबत्त्या.

अखेरच्या वर्षांत राजे बराच काळ सिरिराज रुग्णालयात असत. आवारात लोक त्यांचा फोटो छातीशी धरून तासन्‌तास बसलेले मी पाहिले आहेत. माझ्या घरमालकीणबाई वाढदिवसाला पहाटे उठून भिक्खूंना अन्न द्यायच्या आणि त्याचं पुण्य राजांना अर्पण करायच्या. १३ ऑक्टोबर २०१६ ला राजे गेले. त्यानंतर वर्षभर त्या काळे कपडे घालत होत्या. ५ डिसेंबरची सुट्टी अजूनही आहे.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: राजघराण्याविषयी तिथे गंमतीतही काही बोलू नये. तो गंभीर गुन्हा आहे, शिक्षा तीन ते पंधरा वर्षांची. राजांचं चित्र असलेली नोट जमिनीवर पडली तर ती पायाने दाबून धरू नका.

वेंगुर्ल्याची, सध्या उत्रेख्तला

आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डच वखार आहे, पडकी. लहानपणी तिच्या भिंतींवर चढलेय मी. त्यामुळे ३० एप्रिल २०१३ ला ॲमस्टरडॅमच्या दाम चौकात उभी होते तेव्हा मनात काय काय येत होतं ते शब्दांत मांडणं अवघड आहे.

तो शेवटचा राणीचा दिवस. बेआट्रिक्स राणीने सकाळी राजवाड्यात पदत्यागाच्या कागदावर सही केली, मोठ्या पडद्यावर आम्हाला सही करणारा हात दिसला. नंतर ती मुलाला आणि सुनेला घेऊन सज्जात आली. तेहतीस वर्षं राज्य केलेली बाई स्वतःच्या हाताने गादी मोकळी करते आणि लोकांसमोर मुलाला पुढे करते! माझ्या शेजारची एक मध्यमवयीन बाई रडत होती, तिचा नवरा कागदी मुकुट घालून तिच्या खांद्यावर थोपटत होता. दुपारी बाजूच्याच न्यूवे केर्क या चर्चमध्ये सोहळा झाला. तिथे राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवत नाहीत, तो नुसता मेजावर मांडलेला असतो. राजा राज्यघटनेची शपथ घेतो. मला हे फार भावलं.

माझे तेव्हाचे वरिष्ठ मात्र घरीच थांबले होते. १९८० साली बेआट्रिक्स गादीवर आली त्या दिवशी याच शहरात घरांच्या टंचाईवरून मोठी दंगल झाली होती, आणि ती त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेली. शिवाय २००९ च्या राणीच्या दिवशी आपेलडोर्न गावात एकाने राजघराण्याच्या बसच्या रोखाने गर्दीत गाडी घातली होती, माणसं गेली. सणाला ही बाजूही आहे, आणि डच लोक ती विसरलेले नाहीत.

तोक्योहून, निशी-कासाई

थोडक्यात लिहितो. २३ फेब्रुवारी, सम्राट नारुहितो यांचा वाढदिवस. एरवी बंद असलेलं राजवाड्याचं आवार सकाळी लोकांसाठी उघडतं. निजुबाशी पुलाच्या बाजूने रांग, झडती, हातात कागदी झेंडा. सम्राट कुटुंबासह काचेच्या सज्जात येतात, दोन शब्द बोलतात, हात हलवतात. हजारो कागदी झेंड्यांची एकदम होणारी फडफड कानात राहते. मग तितक्याच शिस्तीने बाहेर. थंडी असते, स्वेटर-टोपी न्या. मोफत आहे.

यॉर्डानमध्ये राहणारा

माझ्या दारात हा सण होतो म्हणून लिहितो. मुतारी म्हणून माझ्या घराची भिंत वापरतात, रात्री दोनपर्यंत खिडक्या थरथरतात. इमारतीतले दोन-तीन शेजारी दरवर्षी गावाबाहेर जातात. काहींना राजेशाहीच नको आहे आणि ते तसं उघड बोलतात. पाहुण्यांना कळकळीने विनंती: तुम्ही ज्या पायरीवर बसता ती कुणाच्या तरी घराची असते. बाटल्या कालव्यात टाकू नका. शौचालयाला पैसे पडले तरी तिथेच जा. दार उघडून एक-दोन युरोत घरातलं शौचालय वापरू देणारी घरंही असतात, बाहेर पाटी असते.

मी स्वतः मात्र गाव सोडत नाही. वर्षभर ज्यांच्याशी फक्त मान हलवून नमस्कार होतो ते शेजारी त्या दिवशी खुर्च्या बाहेर काढतात. तळमजल्यावरच्या बाईंचा नवरा गेल्याचं मला असंच एका किंग्ज डेला कळलं. त्याची पुस्तकं विकायला काढली होती त्यांनी. मी चार घेतली. भाव केला नाही.

ॲमस्टेलवेनहून पुन्हा

नाशिकच्या सरांनी नातवंडांबद्दल निरोप पाठवून विचारलंय, म्हणून लिहिते. मुलं असतील तर सकाळी लवकर फोंडेलपार्कला या आणि दुपारी गर्दी वाढायच्या आत निघा. मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर पेनाने लिहा, गर्दीत नेटवर्क चालेलच असं नाही. एप्रिलअखेरचं ऊन फसवं असतं, जाकीट हवंच. सुपरमार्केट लवकर बंद होतात, दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणा. आणि नातवंडांना एक-दोन जुनी खेळणी भारतातून आणायला सांगा. आमच्या चादरीवर जागा करू, त्यांनीही विकावीत.