सीटीत जठर छातीत दिसलं, पण त्रास थांबलाय, तर ऑपरेशन पुढे ढकलावं का?

धाकटा_भाऊ
दादाचा सहा वर्षांपूर्वी अपघात झालेला, डाव्या बरगड्या मोडलेल्या, त्या भरून आल्या. हल्ली जेवलं की छातीत दाटायचं, धाप लागायची, आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसलो. परवा एक्स-रे बघून डावीकडे पाणी झालंय म्हणाले, ते काढायला छातीत नळी टाकणारच होते पण दुसऱ्या डॉक्टरांनी आधी सीटी करायला लावला तर छाती आणि पोटामधला पडदा फाटलेला, जठर आणि मोठं आतडं वर छातीत. आता दुखत नाहीये म्हणून दादा म्हणतो सहा वर्षं काढली, अजून काढेन. चालेल का?

टाकेवाला
सर्जन आहे. नळी टाकली नाही हे फार चांगलं झालं, ती थेट जठरात घुसू शकली असती. एक्स-रेत जठरातली हवा आणि पाणी हुबेहूब छातीतल्यासारखंच दिसतं, शंका आली तर नाकातून नळी घालून परत एक्स-रे काढतात, नळीचं टोक छातीत वळलेलं दिसलं की कळतं. उजवीकडे लिव्हर आड येतं म्हणून हे बहुतेक डावीकडे सापडतं. आणि ही फट आपोआप भरत नाही हो, प्रत्येक श्वासाला छाती वर ओढते आणि पोट खालून ढकलतं. फट लहान असेल तर भीती जास्तच, आतडं फटीच्या तोंडाशी आवळलं की रक्तपुरवठा बंद. तब्येत ठीक आहे तेव्हाच करून घ्या.

चांदणवेल
माझ्या आईचं आम्ही लांबवलं. एका रात्री एकदम कळा, नुसत्या कोरड्या उलट्या, बाहेर काहीच नाही, नाकातली नळीही आत जाईना, जठराला पीळ बसला होता. रातोरात पोट उघडलं, काळा पडलेला भाग काढावा लागला आणि इन्फेक्शनच्या भीतीने फट झाकायची कृत्रिम जाळी न लावता नुसते टाके घातले. आई वाचली, पण दादाला हे वाचून दाखवाच.

धाकटा_भाऊ
ताई, आत्ताच दाखवलं. गप्प बसला, मग तारीख घ्या म्हणाला. डॉक्टर, पोटातून करतात की छातीतून?

टाकेवाला
ताज्या जखमेत पोटातूनच, कारण आतली बाकीची इजाही बघायची असते. जुन्यात आतडं फुप्फुसाला चिकटलेलं असू शकतं, ते पोटातून ओढायला गेलं तर फाटतं, म्हणून गरज पडली तर छातीतूनही जातात. दुर्बिणीतूनही होतं, सर्जनचा हात बसलेला हवा. फट न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात, मोठी असेल तर जाळी. मधल्या काळात चांदणवेल यांनी सांगितलं तसं काही झालं तर तारखेची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत न्या आणि सीटी सोबत ठेवा.